चुंबकीय क्षेत्रात उच्च-तापमान अतिवाहकाचा रोध मोजायचा तर

क्रांतिक तापमानाखाली अतिवाहकाचा रोध शून्य होतो, हे वाक्य पाठ्यपुस्तकात शोभतं. उच्च-तापमान अतिवाहक चुंबकीय क्षेत्रात ठेवला की मात्र पहिल्याच दिवशी त्या वाक्याला फाटे फुटतात. रोध विरुद्ध तापमानाचा आलेख उभा खाली पडण्याऐवजी लांबलचक शेपटी काढत उतरतो. ‘रोध नक्की कुठे शून्य झाला?’ असं विचारलं, तर उत्तर तुमच्या व्होल्टमीटरच्या कुवतीवर अवलंबून असतं. हा लेख हे मोजमाप पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी आहे. ओहमचा नियम माहीत आहे आणि द्रव नायट्रोजन निदान पाहिलेला आहे, एवढं गृहीत धरलंय.

आधी: रोध येतो कुठून

हे दोन परिच्छेद टाळून थेट जोडणीकडे जाऊ नका. पुढच्या जवळजवळ प्रत्येक सूचनेचं कारण इथे आहे.

उच्च-तापमान अतिवाहक हे दुसऱ्या प्रकारचे अतिवाहक. क्षेत्र एका मर्यादेपलीकडे वाढलं की ते पदार्थात बारीक नळ्यांच्या रूपाने शिरतं. प्रत्येक नळीत चुंबकीय फ्लक्सचा एकच पुंज असतो, २.०७ फेम्टोवेबरचा, आणि तिच्याभोवती अतिवाही धारा गोल फिरत असते. यांनाच भोवरे म्हणतात. ॲब्रिकोसोव्ह यांनी १९५७ मध्ये त्यांचं गणित मांडलं. १ टेस्ला क्षेत्रात शेजारशेजारच्या दोन भोवऱ्यांत साधारण ४९ नॅनोमीटर अंतर असतं, म्हणजे तुमच्या मिलिमीटरभर नमुन्यात त्यांची अक्षरशः दाटी होते. आता नमुन्यातून विद्युतधारा सोडली की भोवऱ्यांवर धारेला काटकोनात बल लागतं. भोवरा सरकला की धारेच्या दिशेने विद्युत क्षेत्र तयार होतं, आणि बाहेर लावलेल्या व्होल्टमीटरला ते रोध म्हणूनच दिसतं. भोवरे पूर्ण मोकळे असतील तर रोधकता सामान्य (अतिवाही नसलेल्या) अवस्थेतल्या रोधकतेच्या साधारण तितक्या पट असते, जितक्या पट लावलेलं क्षेत्र वरच्या क्रांतिक क्षेत्राच्या, म्हणजे ज्यापलीकडे अतिवाहकता संपते त्या क्षेत्राच्या, असतं. हा बार्डीन आणि स्टीफन यांचा १९६५ चा नियम.

भोवरे मोकळे नसतात, कारण पदार्थातले दोष त्यांना जखडून ठेवतात. प्रयोगशाळेत याला सर्रास पिनिंग म्हणतात. जुन्या धातूंच्या अतिवाहकांत, ४ केल्विनला, ही पकड घट्ट असते. ताम्र-ऑक्साइडांत, म्हणजे आपल्या उच्च-तापमान अतिवाहकांत, ती सैल पडते, आणि त्याला तीन गोष्टी एकत्र येऊन कारण होतात. ७०-८० केल्विनला उष्णतेचे हिसके जोरदार असतात. भोवऱ्याचा गाभा अगदी बारीक असतो. वायबीसीओमध्ये (यिट्रियम-बेरियम-ताम्र-ऑक्साइड) थरांच्या पातळीत दीडेक नॅनोमीटर, त्यामुळे एकेका दोषाची पकड कमजोर. आणि पदार्थ थरांचा बनलेला असल्याने भोवरा अखंड काठीसारखा न राहता नाण्यांच्या चळतीसारखा होतो. एखादं नाणं बाजूला सरकायला फारसं काही लागत नाही. बिस्मथच्या संयुगांत ही चळत फारच ढिली असते.

पायरी १: नमुना निवडा

पहिल्या खेपेला वायबीसीओ घ्या. १९८७ मध्ये सापडलेल्या या पदार्थाचं क्रांतिक तापमान ९२ केल्विनच्या आसपास आहे, म्हणजे नायट्रोजनच्या ७७ केल्विन उत्कलनबिंदूच्या वर पुरेशी जागा मिळते. बिस्को-२२१२ चं (बिस्मथच्या ताम्र-ऑक्साइडांपैकी एक) क्रांतिक तापमान साधारण ८५ केल्विन असलं, तरी काही टेस्ला क्षेत्र थरांना लंब लावलं की त्याची शेपटी ३० केल्विनपर्यंत खाली जाऊ शकते. ती पाहायला नायट्रोजन पुरत नाही. नुसता नायट्रोजन आणि छोटा चुंबक असेल तर त्याच कुळातल्या बिस्को-२२२३ चा तुकडाही चालेल: त्याचं क्रांतिक तापमान ११० केल्विनजवळ, आणि ७७ केल्विनला टेस्लाच्या दहाव्या हिश्शातसुद्धा परिणाम ठळक दिसतो.

दुसरा प्रश्न, नमुना कुठल्या रूपातला? भट्टीत भाजलेली गोळी सगळ्यात सहज मिळते आणि सगळ्यात जास्त फसवते. तिच्यात असंख्य कण असतात आणि कणांमधले सांधे अतिवाहकतेच्या दृष्टीने दुबळे असतात. काही मिलिटेस्लातच हे सांधे गळपटतात, कणांचं पोट मात्र अतिवाही राहतं. परिणामी आलेखात दोन टप्पे दिसतात: वरचा कणांचा, खालचा सांध्यांचा. शिकायला गोळी उत्तम आहे. पण तिच्या शेपटीवरून भोवऱ्यांविषयी निष्कर्ष काढायला जाल तर ते निष्कर्ष बहुतेक सांध्यांबद्दल असतील. भोवऱ्यांचं भौतिक पाहायचं तर एकसंध स्फटिक किंवा एकाच दिशेने वाढवलेली पातळ फिल्म लागते.

पायरी २: चार तारा, आणि त्या चिकटवणं

दोन तारांनी मोजू नका. तारांचा आणि जोडांचा रोध नमुन्याच्या कितीतरी पट असतो. बाहेरच्या दोन तारांतून धारा, आतल्या दोन तारांवर व्होल्टेज, ही चार-टोकी पद्धत वापरा.

जोड हा या कामातला सगळ्यात कटकटीचा भाग. ताम्र-ऑक्साइडाचा पृष्ठभाग हवेतल्या ओलाव्याने खराब होतो, त्यामुळे नुसती चांदीची पेस्ट लावली तर जोडाचा रोध दहा-वीस ओहमसुद्धा निघू शकतो. पृष्ठभाग ताजा खरवडून किंवा घासून त्यावर चांदीचा पातळ थर बसवणं आणि मग ऑक्सिजनच्या वातावरणात तापवणं, हा खात्रीचा मार्ग आहे. चांदी पृष्ठभागात मुरते आणि जोडाचा रोध कित्येक पटींनी उतरतो. ती सोय नसेल तर ताज्या पृष्ठभागावर इंडियम दाबून लावा. धारेचे जोड नमुन्याच्या टोकांवर पूर्ण रुंदीभर पसरलेले हवेत, म्हणजे धारा आत समान वाटली जाते. व्होल्टेजचे जोड बारीक हवेत, आणि धारेच्या जोडांपासून लांब.

धारेच्या जोडाचा रोध का महत्त्वाचा? तिथे उष्णता निर्माण होते. १ ओहमचा जोड आणि १०० मिलिअँपिअर धारा असली की १० मिलिवॅट उष्णता थेट नमुन्याच्या टोकात जाते. तापमापक शेजारी ८० केल्विन दाखवत असतो आणि नमुना त्याहून गरम असतो. शंका आली तर धारा निम्मी करा. रोधाचा आलेख जागचा हलला, तर एक तर जोड तापतोय किंवा नमुना खरोखरच ओहमचा नियम पाळत नाहीये. फरक ओळखायला तीच धारा मिलिसेकंदांच्या छोट्या झटक्यांत द्या. तापण्याचा दोष असेल तर तो बराचसा नाहीसा होतो.

पायरी ३: तुमचं ‘शून्य’ किती मोठं आहे, ते आधी काढा

हे गणित यंत्र सुरू करण्यापूर्वी कागदावर करा. माझ्या मते अख्ख्या मोजमापातली सगळ्यात उपयोगी पाच मिनिटं हीच.

समजा गोळीतून कापलेली १० मिलिमीटर लांब, २ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड पट्टी आहे, आणि व्होल्टेजच्या जोडांत ४ मिलिमीटर अंतर आहे. भाजलेल्या वायबीसीओची १०० केल्विनला रोधकता १ मिलिओहम-सेंटिमीटर धरू. काटछेद ०.०२ चौरस सेंटिमीटर, म्हणून रोध आला २० मिलिओहम. १० मिलिअँपिअर धारेला व्होल्टेज २०० मायक्रोव्होल्ट. तुमच्या नॅनोव्होल्टमीटरला, सगळी काळजी घेऊन, २० नॅनोव्होल्टच्या खालचं काही दिसत नाही असं धरा. म्हणजे तुम्ही फार तर सामान्य अवस्थेच्या दहा हजाराव्या भागापर्यंत पाहू शकता, ०.१ मायक्रोओहम-सेंटिमीटरपर्यंत.

आता हा आकडा तांब्याशी ताडून पाहा. ७७ केल्विनला तांब्याची रोधकता सुमारे ०.२ मायक्रोओहम-सेंटिमीटर असते. म्हणजे तुमच्या आलेखात जिथे ‘शून्य’ आलं, तिथे तुम्ही एवढंच सिद्ध केलंय की हा पदार्थ थंड तांब्यापेक्षा दुपटीने बरा आहे! शून्य क्षेत्रात याने बिघडत नाही, कारण तिथली उतरण इतकी उभी असते की शून्य दहापट खाली धरलं तरी तापमान फारसं हलत नाही. क्षेत्रात शेपटी आडवी पसरते, आणि व्होल्टमीटर दहापट चांगला घेतला की ‘शून्याचं तापमान’ कित्येक केल्विनने खाली सरकतं. पदार्थ तोच आणि क्षेत्रही तेच असूनसुद्धा.

याच कारणाने ‘१ मायक्रोव्होल्ट प्रति सेंटिमीटर’ हा प्रचलित निकष इथे डोळे मिटून लावू नका. तो निकष क्रांतिक धारा, म्हणजे अतिवाहक रोधाशिवाय वाहू शकेल अशी कमाल धारा, मोजण्यासाठी रूढ झाला. तारेत किंवा फिल्ममध्ये धारेची घनता दहा लाख अँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर असेल, तर त्या निकषाची रोधकता होते एका मायक्रोओहम-सेंटिमीटरचा दहा लाखावा भाग, म्हणजे खरोखर नगण्य. वरच्या पट्टीत १० मिलिअँपिअरला धारेची घनता फक्त अर्धा अँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर आहे. तिथे तोच निकष २ मायक्रोओहम-सेंटिमीटर होतो, जो खोलीच्या तापमानाच्या तांब्यापेक्षाही वाईट. तेव्हा क्षेत्रातल्या संक्रमणाचं कुठलंही तापमान लिहाल तिथे निकष आणि धारेची घनता सोबत लिहा. सामान्य रोधाच्या ९०, ५० आणि १० टक्क्यांची तीन तापमानं देणं त्यातल्या त्यात प्रामाणिक.

पायरी ४: व्होल्टेजमधला कचरा काढा

खोलीच्या तापमानापासून नायट्रोजनपर्यंत जाणाऱ्या तारेत प्रत्येक जोडाला औष्णिक व्होल्टेज तयार होतं, सहज काही मायक्रोव्होल्ट. तुम्हाला पाहायचे आहेत नॅनोव्होल्ट. उपाय सोपा आहे: धारा एका दिशेने देऊन व्होल्टेज घ्या, मग उलट दिशेने देऊन घ्या, दोन्हींच्या वजाबाकीचं निम्मं करा. औष्णिक भाग धारेची दिशा ओळखत नाही, तो कटतो. तापमान सरकत असेल तर उलट-सुलट-उलट अशी तीन वाचनं घेतलेली बरी. सरकण्याचा परिणामही बऱ्यापैकी जातो.

चुंबक आला की आणखी एक उपद्रव सुरू होतो. व्होल्टेजच्या दोन तारांत १ चौरस सेंटिमीटरचं वेटोळं उघडं राहिलं आणि क्षेत्र सेकंदाला १० मिलिटेस्ला बदललं, तर त्यात बरोबर १ मायक्रोव्होल्ट निर्माण होतो. तारा नमुन्यापर्यंत एकमेकींत पिळून न्या आणि कुठेही लोंबत ठेवू नका. क्षेत्र स्थिर असतानाही तार थरथरली की नॉइज वाढतो. पंप चालू-बंद करून पाहा, नॉइजचं मूळ बऱ्याचदा तिथेच सापडतं.

व्होल्टेजचे दोन जोड अगदी एका रेषेत नसतील तर हॉल परिणामाचं, म्हणजे क्षेत्रामुळे धारेला आडवं तयार होणारं, व्होल्टेज मिसळतं. क्षेत्र उलटं करून दोन्ही वाचनांची सरासरी घ्या. कणांच्या गोळीत मात्र क्षेत्र उलटताना अडकलेला फ्लक्स घोळ घालतो, म्हणून तिथे प्रत्येक वेळी नमुना १०० केल्विनच्या वर नेऊन मगच क्षेत्र बदला.

पायरी ५: थंड करणं आणि तापमान

नुसत्या नायट्रोजनवर काम करायचं तर नमुना तांब्याच्या ठोकळ्यावर बसवून द्रवाच्या पातळीच्या वर हळूहळू खाली-वर करता येतो. बंद भांड्यातल्या नायट्रोजनवर पंप लावला तर तापमान ६३ केल्विनपर्यंत उतरतं. तिथे तो गोठतो. त्याखाली जायचं तर बंद चक्राचा शीतक किंवा हेलियम हवा.

तापमापक निवडताना चुंबकाचा विचार करा. सिलिकॉन डायोड शून्य क्षेत्रात चोख असतो, पण क्षेत्रात, विशेषतः ६० केल्विनखाली, तो दिशेनुसार चुकत जातो. नायट्रोजनच्या आसपास प्लॅटिनमचा तापमापक चालतो. खूप खाली आणि मोठ्या क्षेत्रात जायचं असेल तर क्षेत्राला दाद न देणारा ऑक्सिनायट्राइडचा रोध-तापमापक घ्या. तापमापक कुठलाही असो, तो नमुन्याच्या ठोकळ्यावरच बसवा, दोन सेंटिमीटर दूर नव्हे. संक्रमणाच्या पट्ट्यात मिनिटाला अर्ध्या केल्विनपेक्षा जास्त वेग नको. थंड करताना आणि गरम करताना काढलेले आलेख एकमेकांवर बसले नाहीत, तर आधी वेगाला दोष द्या, मग पदार्थाला.

सुरक्षिततेचं थोडक्यात: १ लिटर द्रव नायट्रोजनचा जवळपास ७०० लिटर वायू होतो, आणि बंद खोलीत तो ऑक्सिजनला हुसकावून लावतो. खोली हवेशीर ठेवा आणि भांडं कधी घट्ट बंद करू नका. पेसमेकर असलेल्यांनी आणि लोखंडी पान्यांनी मोठ्या चुंबकापासून लांबच राहायचं.

पायरी ६: क्षेत्र लावण्याचा क्रम आणि कोन

नवशिक्यांसाठी एकच नियम पुरे: आधी नमुना १०० केल्विनच्या वर, मग क्षेत्र, मग थंड करणं. थंड झालेल्या नमुन्यावर क्षेत्र चढवलं की भोवरे कडेपासून आत शिरताना अडकत जातात आणि आतलं क्षेत्र सगळीकडे सारखं राहत नाही. दोन्ही क्रमांनी मोजून फरक पाहणं हा चांगला स्वाध्याय आहे: कणांच्या नमुन्यात फरक ठळक, चांगल्या स्फटिकात शेपटीच्या वरच्या भागात जवळपास नाही. अतिवाही चुंबकात धारा शून्य केल्यावरही काही मिलिटेस्ला क्षेत्र उरतं, हेही ध्यानात असू द्या. गोळीचं ‘शून्य क्षेत्रातलं’ मोजमाप बिघडवायला तेवढं पुरतं.

कोनाबाबत गाफील राहू नका. क्षेत्र थरांना लंब असताना शेपटी सर्वात लांब, समांतर असताना सर्वात आखूड. समांतर मोजायला गेलात आणि नमुना फक्त १ अंश तिरका बसला, तर ९ टेस्लाचा ०.१६ टेस्ला इतका भाग लंब दिशेने शिरतो. बिस्को-२२१२ लंब भागाशिवाय जवळजवळ कशाचीच पर्वा करत नाही, त्यामुळे तुमचं ‘समांतर’ मोजमाप खरं तर ०.१६ टेस्लाचं लंब मोजमाप ठरतं. नमुना फिरवत स्थिर तापमानाला रोध पाहा. जिथे तो किमान, तो खरा समांतर कोन.

आलेख वाचताना

प्रत्येक क्षेत्रासाठी रोध विरुद्ध तापमान असा आलेख एकाच पानावर काढा. नायोबियम-टायटॅनियमसारख्या जुन्या अतिवाहकात सगळ्या रेषा समांतर डावीकडे सरकतात. ताम्र-ऑक्साइडात वरचं टोक जवळजवळ तिथेच राहतं आणि रेषा पंख्यासारख्या खाली उघडतात. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे ‘५ टेस्लात क्रांतिक तापमान इतकं खाली आलं’ असं शेपटीच्या टोकावरून लिहून टाकणं. वायबीसीओचं वरचं क्रांतिक क्षेत्र, थरांना लंब दिशेने, क्रांतिक तापमानाजवळ तापमान उतरताना केल्विनमागे सुमारे २ टेस्लाने वाढतं. म्हणून ९ टेस्लातही खरं संक्रमण ४-५ केल्विनच खाली येतं. बाकीची सगळी रुंदी भोवऱ्यांच्या हालचालीची.

शेपटीची परीक्षा अशी करा: रोधकतेचा लॉगॅरिथम उभ्या अक्षावर, तापमानाचा व्यस्त आडव्या अक्षावर. सरळ रेषा आली तर भोवरे उष्णतेच्या बळावर पिनिंगच्या एका खड्ड्यातून दुसऱ्यात उड्या मारतायत, आणि उतारावरून खड्ड्याची खोली मिळते. १९८८ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या पाल्स्ट्रा आणि सहकाऱ्यांनी बिस्को-२२१२ साठी हेच केलं. खोली, केल्विनमध्ये मांडली तर, क्षेत्र आणि दिशेनुसार ३०० ते ३००० निघाली. इथे एक खाचखळगा आहे. खड्ड्याची खोली स्वतःच तापमानाबरोबर घटत असते. ती घट क्रांतिक तापमानाकडे सरळ रेषेत होत असेल, तर आलेख तरीही सरळच येतो, उतारातून शून्य केल्विनची खोली मिळते आणि रेषेचा वरचा छेद मात्र अवास्तव मोठा निघतो. छेद सामान्य रोधकतेच्या हजारपट आला म्हणून मोजमाप चुकलं असं समजू नका.

वेळ हाताशी असेल तर दोन-तीन ठरलेल्या तापमानांना धारा बदलत व्होल्टेज मोजा आणि दोन्ही अक्ष लॉगॅरिथमिक ठेवा. वरच्या तापमानांना कमी धारेकडे रेषेचा उतार १ वर येऊन टेकतो, म्हणजे धारा कितीही कमी केली तरी रोध उरतोच. खालच्या तापमानांना रेषा कमी धारेकडे खाली वळत जाते: धारा घटवली की रोध त्याहून झपाट्याने घटतो. या दोन वागणुकींच्या मधली सीमा, जिच्यावर रेषा सरळ राहते, ही तुमच्या व्होल्टमीटरच्या शून्यापेक्षा कितीतरी भरवशाची खूण आहे. १९८९ मध्ये वायबीसीओच्या फिल्मवर हीच सीमा दाखवली गेली, तेव्हा क्षेत्रातही खऱ्या शून्य रोधाची अवस्था असू शकते या कल्पनेला बळ आलं.

खोट्या शून्यापासून सावध राहा. व्होल्टेजची एक तार थंडीने आकसून सुटली तरी वाचन सपाट शून्यासारखं दिसू शकतं. धारेला अतिवाही कणांची एखादी बारीक वाट सापडली, तर बाकी नमुना सामान्य असूनही शून्य येतं. ते पकडायला चुंबकीय प्रवणता (क्षेत्राला पदार्थ किती चुंबकीय प्रतिसाद देतो ते) वेगळी मोजावी लागते. आणि नमुना उतरवण्याआधी क्षेत्र शून्य करून १०० केल्विनचा रोध पुन्हा घ्या. सकाळच्या आकड्याशी तो जुळत नसेल तर त्या दिवसाच्या आलेखांवर फुली मारा आणि जोड नव्याने करा.